मोहफुलं वेचायला असे जाता का?

बसा सगळे. गळ्यातले हार काढून ठेवा, फोन पिशवीत टाका. चौकातलं ते बॅनर आज संध्याकाळच्या आत उतरलेलं मला पाहिजे. ‘केदारकंठा सर करणारे चंद्रपूरचे वाघ’ असं त्यावर छापलंय आणि मधोमध ज्याचा फोटो आहे त्याचा डावा हात प्लास्टरमध्ये आहे. बर्फात पाय घसरला, असं तुम्ही घरी सांगितलंत, कॉलेजात सांगितलंत, सत्काराच्या स्टेजवरही सांगितलंत. ते खोटं आहे. रेनकोट बुडाखाली घेऊन तुम्ही तिघं उतारावरून घसरत सुटलात. मागून गाईड ओरडत होता, ‘उधर मत जाओ’. तुम्हीच टाकलेल्या व्हिडिओत त्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो.

तुम्ही हिमालयात गेलात याचा मला आनंदच आहे. बल्लारशाहून गाडीत बसून, डेहराडूनपासून दिवसभर जीपचे धक्के खात आपली पोरं सांक्रीपर्यंत जातात, हे चांगलंच आहे. माणिकगड आणि पेरजागडाच्या पलीकडचे डोंगर तुम्ही बघायलाच पाहिजेत. पण कसे गेलात, वर कसे वागलात आणि खाली आल्यावर कोणाच्या माथी दोष मारलात, त्याचा हिशेब आज होणार. मधेच कोणी उठायचं नाही.

स्टेजवर तुमच्यातला एक जण म्हणाला, ‘आपल्या जिल्ह्यातल्या पोरांनी एव्हरेस्ट चढलं, त्यापुढे केदारकंठा काय आहे!’ टाळ्या पडल्या. मी टाळी वाजवली नाही. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काटमोडे आणि विकास सोयाम ही नावं तुम्हाला पाठ आहेत, असायलाच पाहिजेत. मे २०१८ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची ही पोरं एव्हरेस्टच्या माथ्यावर उभी राहिली. पण त्यांची नावं घेताना त्याआधीचं वर्ष तुम्ही गिळून टाकलंत. ‘मिशन शौर्य’ या त्यांच्या मोहिमेचा सराव ऑगस्ट २०१७ मध्ये सुरू झाला. वर्धा झालं, हैदराबाद झालं, मग दार्जिलिंग, मग लेह-लडाखची थंडी. नऊ महिने ती पोरं कोणीतरी सांगेल तेव्हा उठली, सांगेल तेव्हा थांबली, सांगेल ते अंगात घातलं. आणि जे दहा जण मोहिमेवर गेले, त्यांतले पाच माथ्यावर पोचले. उरलेले पाच माथा न गाठता जिवंत परत आले. इतक्या उंचीवरून, इतक्या जवळून परत फिरायला काय लागतं, याचा विचार तुम्ही कधी केलात? त्या पाचांबद्दल स्टेजवर एक शब्द आला नाही. तुमच्या लेखी फक्त माथा मोजला जातो, आणि तुमच्या सगळ्या चुका त्याच एका समजुतीतून झाल्या आहेत.

नऊ महिने शिकून गेलेल्या पोरांच्या नावावर तुम्ही चार दिवसांचा अडाणीपणा खपवलात. हे मला सहन होत नाही.

आता बर्फाबद्दल. भूगोलाच्या तासाला मी फळ्यावर लिहून दिलं होतं, उंची हजार मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. चंद्रपूर समुद्रसपाटीपासून २०० मीटरही उंच नाही. केदारकंठ्याचा माथा ३,८०० मीटर, म्हणजे साडेबारा हजार फूट. नुसत्या उंचीनेच तेवीस अंशांचा फरक पडतो. वारा आणि उत्तरेचा गारठा वेगळा. हे तुम्ही परीक्षेत बरोबर लिहिलंत, गुणही घेतलेत, आणि पिशवी भरताना जीन्स भरलीत. सुती कापड ओलं झालं की लवकर वाळत नाही. अंगातली ऊब कोरड्या हवेपेक्षा पाण्यातून कितीतरी पट वेगाने, साधारण पंचवीस पट वेगाने निघून जाते. गुडघ्यापर्यंत भिजलेली जीन्स घालून संध्याकाळच्या वाऱ्यात उभा राहिलेला माणूस आधी कुडकुडतो, मग त्याची जीभ जड होते, मग तो वेड्यासारखे निर्णय घेतो, आणि शेवटी कुडकुडणंही थांबतं. थांबलं म्हणजे बरं वाटतंय असं नाही. त्यानंतर माणूस मरू शकतो. जून २०२४ मध्ये उत्तरकाशीच्या वर सहस्रतालच्या वाटेवर कर्नाटकातून आलेल्या ट्रेकरांचा गट हिमवादळात सापडला आणि नऊ माणसं गेली. जून होता तो. तुम्ही मार्चमध्ये गेला होतात.

मार्चचा बर्फ डिसेंबरच्या बर्फासारखा नसतो, आणि नेमकं हेच तुम्हाला कोणी सांगितलं तर तुम्ही हसता. ‘उन्हाळा लागला, आता काय थंडी,’ असं तुम्ही निघताना म्हणालात. इथे चाळीस अंश होतात म्हणून तिथे सोपं झालं, असं नाही. उलट फेब्रुवारी-मार्चात सूर्य वर येतो, दिवसा वरचा थर वितळतो, ते पाणी आत मुरतं. रात्री पारा शून्याखाली गेला की सगळं पुन्हा गोठतं आणि पृष्ठभाग टणक, गुळगुळीत होतो. पहाटे त्या कवचावर बुटांवर चढवलेल्या मायक्रोस्पाइकचे दात नीट रुततात, माणूस वरच्यावर चालत जातो. म्हणून गाईड तीन वाजता उठवतो. त्याला तुमची झोप मोडण्याची हौस नसते. दहा-अकरा वाजले की उन्हाच्या बाजूचं कवच पिचतं, पाय गुडघ्यापर्यंत आत जातो, कधी मांडीपर्यंत. झाडाच्या बुंध्याभोवती आणि काळ्या खडकांच्या कडेला बर्फ आतून पोकळ झालेला असतो. वरून सपाट दिसतो. खालून ओढा वाहत असेल तर तुम्ही ज्यावर उभे आहात ते नुसतं छप्पर असतं. आणि दुपारी चारनंतर सावलीतली वाट पुन्हा गोठायला लागते, आता तर सकाळी तुम्हीच तुडवून दाबलेल्या पावलांसकट. त्या ठशांवरून उतरणं हे सगळ्यात वाईट. एकाच वाटेचे असे दिवसात तीन-चार स्वभाव होतात. तिथे नकाशापेक्षा घड्याळ जास्त बघावं लागतं.

तुमचं घड्याळ काय सांगतं ते बघू. गाईडने तीनला उठवलं. तंबूतून शेवटचा माणूस साडेपाचला बाहेर आला. माथ्यावर पोचायला दहा वाजून गेले. तिथे झेंडा, मग कॉलेजचं बॅनर, मग एकेकट्याचे फोटो, मग कोणाला तरी लाइव्ह जायचं होतं. खाली चला, खाली चला, असं तो माणूस किती वेळा म्हणाला? खरं सांगा. निघालात तेव्हा ऊन डोक्यावर होतं. ओला बर्फ स्पाइकांच्या खाली चिकटून गोळे होऊ लागले, ते चालताना काठीने झटकायचे असतात. तुम्ही कंटाळून स्पाइकच काढले आणि पिशवीच्या तळाशी टाकले. मग घसरगुंडी सुचली. बर्फावरून बसून घसरण्याचं एक तंत्र असतं, नाही म्हणत नाही. पण गिर्यारोहणाच्या पायाभूत अभ्यासक्रमात ते शिकवण्याआधी पोरांकडून एक गोष्ट पुन्हा पुन्हा गिरवून घेतात, की घसरणाऱ्याने आइस अ‍ॅक्स बर्फात रोवून स्वतःला थांबवायचं कसं. तुमच्या हातात आइस अ‍ॅक्स नव्हती. खालचा उतार कुठे संपतो ते दिसत नव्हतं. एक जण झाडाच्या मुळावर आदळला, दुसरा बुंध्याजवळच्या पोकळीत कमरेपर्यंत गेला. तिसऱ्याला काही झालं नाही आणि तोच सगळ्यात मोठ्याने हसतोय त्या व्हिडिओत.

झाडाऐवजी तिथे कडा असता तर आज आपण कुठे बसलो असतो?

मग सावलीतली उतरण आली. हात मोडलेला पोरगा, पाय ओले, स्पाइक पिशवीत, वाट गोठलेली. त्या गाईडने याची पिशवी आपल्या पाठीवर घेतली, पुढे राहून टाचेने एकेक पायरी खणली आणि काळोख पडायच्या आत तुम्हा सगळ्यांना तंबूपर्यंत आणलं. हे मला तुम्हा पोरांपैकी कोणी सांगितलं नाही. हे मला त्या मुलीने सांगितलं जी आता मान खाली घालून बसली आहे. तिच्याशीही मला बोलायचंच आहे.

पोरी, मान वर कर. दुसऱ्या रात्रीपासून तुझं डोकं दुखत होतं, जेवण जात नव्हतं, पहाटे ओकारी आली. आणि तू तोंड उघडलं नाहीस. काहून? अडीच हजार मीटरच्या वर असं डोकं दुखणं आणि मळमळणं म्हणजे शरीर सांगतंय की आता वर चढू नको. तिथेच थांबायचं, आणि वाढलं तर लगेच खाली उतरायचं. दुसरं औषध त्यापुढे दुय्यम. न सांगता चढत राहिलं तर फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचू शकतं आणि काही तासांत माणूस हाताबाहेर जातो. तुला हे माहीत होतं, तू माझ्या वर्गात पहिली येतेस. मग तू मला कारण सांगितलंस, ‘मॅडम, पोरं म्हणाली असती, बघा, पोरगी आणली अन् परत फिरावं लागलं.’

ऐकलंत, पोरांनो? तिने दुखणं लपवलं हा तिचा दोष आहे आणि तो मी तिला सोडणार नाही. पण ज्या गटात एका मुलीला जीव जाईल तरी चालेल पण बोलणी नको असं वाटतं, तो गट डोंगरावर न्यायच्या लायकीचाच नाही. वाटेत जो मागे राहील त्याला चिडवायचं, जो थांबू म्हणेल त्याला भित्रा म्हणायचं, ही तुमची जीपपासूनची मस्करी होती. त्या मस्करीने तिचं तोंड बंद केलं. मनीषा धुर्वेचं नाव घेऊन टाळ्या मिळवणाऱ्यांनी आधी आपल्या गटातल्या पोरीला ‘डोकं दुखतंय’ एवढं म्हणण्याइतकी जागा ठेवायची होती.

आता मला सांगा, मोहफुलं वेचायला असे जाता का? तुमच्यातले निम्मे सिंदेवाही, मूल, नागभीड, आरमोरी, धानोऱ्याकडचे. फुलं रात्रीतून पडतात, सकाळी जो आधी पोचेल त्याची टोपली भरते. तरीही उजाडल्याशिवाय घरची माणसं तुम्हाला जंगलात पाऊल टाकू देत नाहीत. एकट्याने जायचं नाही. बाकीचे वाकून वेचत असताना एकाने उभं राहून चौफेर नजर ठेवायची. वानर खाकरलं, चितळ ओरडलं, की टोपली तिथेच टाकून मागे फिरायचं. दोन पायल्या मोह राहिला तरी चालेल. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्या आठवड्यात तुमच्यातला कोणी त्या रानात व्हिडिओ काढायला गेला? कोणी आईला म्हणालं, ‘त्यात काय आहे’? नाही. कारण ते जंगल तुम्हाला कळतं. पानाचा आवाज कळतो, वास कळतो, कुठली वेळ कोणाची आहे हे कळतं.

सांक्रीच्या त्या पोराला बर्फ तसाच कळतो. तो तिथेच जन्मला, लहानपणापासून त्याच उतारांवर मेंढ्या आणि लाकूडफाट्यामागे फिरला. तो ‘तिकडे जाऊ नका’ म्हणाला तेव्हा त्याला काहीतरी ऐकू आलं होतं जे तुम्हाला ऐकू येत नव्हतं. आणि तुम्ही काय केलंत? परत आल्यावर ज्यांनी ट्रेक आयोजित केला त्यांना लिहून दिलंत की गाईड घाई करत होता, फोटो काढू देत नव्हता, उर्मट होता. तुमच्यातल्या दोघांचे भाऊ मोहर्लीला गाईड आहेत. ताडोब्यात पुण्या-मुंबईचा पाहुणा वाघ बघून जिप्सीतून खाली उतरायला लागला, भावाने त्याचा दंड धरून आत बसवला, आणि त्या पाहुण्याने बाहेर येऊन तक्रार केली की गाईड उर्मट आहे, तर तुमच्या घरात त्या रात्री काय बोलणं होईल? त्या भावाची एका हंगामाची कमाई जाईल. सांक्रीच्या पोराचीही जाऊ शकते, तुमच्या त्या कागदामुळे. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त लाज वाटली ती तुमच्या त्या चार ओळींची.

हिमस्खलन तुमच्या बोलण्यात कुठे आलंच नाही, म्हणून सांगते. बहुतेक हिमस्खलनं तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर होतात, म्हणजे नेमके जे उतार घसरायला मजेचे दिसतात तेच. जुन्या टणक थरावर नवा बर्फ पडला की तो धरून राहत नाही. फेब्रुवारी-मार्चात पश्चिमी विक्षोभ येतात तेव्हा आपल्याकडे विदर्भात कधी गारपीट होते, हरभरा झोपतो. तिकडे त्याच काळात फूट-दोन फूट नवा बर्फ पडतो. २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथच्या पुढे माणा गावाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या तळावर हिमस्खलन कोसळलं. ५४ मजूर कंटेनरांसकट गाडले गेले, आठ जण मेले. ती माणसं हौसेने गेली नव्हती, रस्त्यावरचा बर्फ काढून पोटं भरत होती. चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था उत्तराखंडातल्या डोंगरी जिल्ह्यांसाठी हिमस्खलनाचा इशारा देते. तिने आदल्याच दिवशी इशारा दिला होता. तुमच्यातल्या एकाने तरी निघण्यापूर्वी केदारकंठा ज्यात येतो त्या उत्तरकाशी जिल्ह्याचा इशारा बघितला होता? हात वर करा. एकही नाही.

आणि एव्हरेस्ट चढलं की डोंगर माणसाला ओळखायला लागतो, असं जर डोक्यात असेल तर सविता कंसवालचं नाव लिहून घ्या. उत्तरकाशी जिल्ह्यातलीच मुलगी. मे २०२२ मध्ये तिने सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू चढले. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला द्रौपदी का डांडा शिखरावर नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रशिक्षणार्थींना घेऊन जाताना हिमस्खलनात ती गेली. एकूण २९ जण गेले, दोघांचे देह मिळालेच नाहीत. शिकलेली, दोर लावून चाललेली, नियम पाळणारी माणसं होती ती. एवढं सगळं करूनही जे टळत नाही, ते काहीही न करता तुमच्या बाबतीत टळलं. त्याचं बॅनर लावायचं नसतं.

डोळ्यांचंही बोलायचं राहिलं. तुमच्यातले दोघं परतीच्या गाडीत लाल झालेले डोळे चोळत होतात, वाळू गेल्यासारखे. ताजा बर्फ उन्हातले ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो आणि उंचीबरोबर ते किरण वाढतच जातात. बाजारातून घेतलेल्या रंगीत काचांनी ते अडत नाहीत. पुढच्या वेळी चांगला चष्मा नसेल तर मी गाडीतूनच उतरवीन.

हो, पुढची वेळ म्हणाले मी. पुढच्या वर्षी ज्याला जायचं असेल त्याने जून महिन्यापासून रोज पहाटे मैदानावर यायचं, पाठीवर वजन घेऊन. पावसाळ्यात ओल्या वाटेने चालायचं, थकल्यावर थकलो म्हणायला शिकायचं. सांक्रीत बूट, गेटर्स, स्पाइक भाड्याने मिळतात. जेवढ्यात तुम्ही ते बॅनर छापलंत तेवढ्यात तिघांचं भाडं झालं असतं. आईच्या तेंदूपत्त्याच्या पैशातून आलेलं तिकीट आहे, हे ज्याच्या बाबतीत खरं आहे त्याला मी वेगळं सांगायला नको. आणि ज्याचा हात मोडलाय त्याने आज घरी जाऊन वडिलांना हात कसा मोडला ते खरं सांगायचं. उद्या मी त्यांना भेटणार आहे, माझ्याआधी त्यांना तुझ्याकडून कळलं पाहिजे.

तक्रार मागे घेतल्याचं पत्र मी लिहून आणलंय. त्यात गाईडने काय केलं ते सगळं आहे, पिशवी उचलली तेही, पायऱ्या खणल्या तेही. वाचा आणि एकेकाने सही करा. सही करताना कोणाला काही खोटं वाटलं तर आत्ताच बोला.

झाल्या सह्या? आता फोन बाहेर काढा. त्याचा नंबर मी आयोजकांकडून घेतलाय, फळ्यावर लिहिते. या वेळेला तो घरी असेल. स्पीकरवर लावा. आधी तो बोलेल जो व्हिडिओत हसत होता.